पळसाचं ठिगळ

एकदा एका डोंगरमाथ्यावर एक हिवाळा मुक्कामाला आला आणि परत जायचं नावच घेईना.

गावाचं नाव उंबरटेक. थंडी तिथं दरवर्षी यायचीच, पण पाहुण्याच्या रीतीने यायची. हुरडा खायची, शेकोटीपाशी चार गप्पा ऐकायची आणि निघून जायची. त्या साली मात्र ती बाडबिस्तरा घेऊन आली. किती थंडी पडली म्हणून सांगू? चुलीतला धूर छपरापर्यंत जाई, बाहेरचा रागरंग बघे आणि माघारी फिरून चुलीपाशीच शेकत बसे. करडईचं तेल विळीवर चिरून कढईत टाकावं लागे. गावचा कोंबडा पहाटे आरवायला उठे तेव्हा त्याचे दात वाजत. कोंबड्याला दात नसतात हे मीही जाणतो, परंतु त्या साली थंडीपुढे निसर्गनियमांचं फारसं चालत नव्हतं. देवळातल्या मारुतीला पुजाऱ्याने घोंगडं पांघरलं, आणि तेव्हापासून देव नवसाला अधिक लवकर पावू लागला, असं खुद्द पुजारीच सांगे.

यातलं निम्मं तुम्ही खुशाल वजा करून घ्या. पण एक गोष्ट वजा करू नका. त्या हिवाळ्यात वेणूची आई गेली.

वेणू ही उंबरटेकची सून. संक्रांतीला तिची आई लेकीकडे तीळगूळ घेऊन आली. येताना स्वतःच्या हातची गोधडी खांद्यावर टाकून आली, कारण लेकीच्या घरचं पांघरूण कमी पडायला नको, हा सर्व आयांचा स्वभावच आहे. त्याच गोधडीत ती आजारी पडली आणि एका गोठलेल्या पहाटे त्याच गोधडीत गेली.

त्या दिवशी वेणूने ती गोधडी स्वतःच्या अंगाभोवती लपेटली, ती पुन्हा सोडलीच नाही. सुरुवातीला बायका समाचाराला आल्या. वेणूने कुणाकडे पाहिलं नाही. शेजारच्या कोंडाबाईने हुलग्याचं कढत माडगं पाठवलं. वेणूने वाडगं जसंच्या तसं परत केलं. हळूहळू बायका यायच्या थांबल्या. वेणूनेही दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली. तिचा नवरा मुकाट्याने भाकरी थापायला शिकला. त्या भाकऱ्यांचा आकार कोणत्याही भूमितीत बसणारा नव्हता. पूर्वीची वेणू असती तर तिने त्यांवरून आठवडाभर त्याची टिंगल केली असती. आता ती भाकरीकडे न बघताच तुकडा मोडी, आणि नवऱ्याला भीती वाटे ती याचीच.

शेवटी हिवाळा कंटाळला आणि गाव सोडून गेला. माघ सरला, फाल्गुनाचं ऊन चटके देऊ लागलं. गावभर गोधड्या धुतल्या गेल्या, खडकांवर वाळल्या, घड्या होऊन फडताळात गेल्या. वेणू मात्र बंद दाराआड घराच्या कोपऱ्यात गोधडीत गुरफटून बसलेलीच होती, आणि भर दुपारी कुडकुडत होती. लोक कुजबुजू लागले की थंडी गेलेली नाही, ती वेणूच्या घरात दडून बसली आहे.

शास्त्रात ज्याला गुरू म्हणतात तो उंबरटेकात गोजराआत्याच्या रूपाने नांदत होता. गावातल्या बहुतेक गोधड्या आत्याच्या हातच्या किंवा तिच्या हाताखाली शिकलेल्यांच्या. वेणू ही तिची सर्वांत तयार शिष्या. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पुढे तिचा टाका असा झाला की त्यावरून मुंगी चालत गेली तरी तिला ठेच लागू नये. आई गेल्यापासून तिने सुईला हात लावला नव्हता. आत्या रोज दुपारी यायची, बंद दाराबाहेर पायरीवर बसायची, कुणाची तरी गोधडी मांडीवर घेऊन शिवायची आणि ऊन उतरलं की उठून जायची. ती दार वाजवत नसे. आत सुईचा आवाज जात होता की नाही कोण जाणे, पण वेणूचा नवरा सांगे की आत्या बाहेर शिवत असली म्हणजे वेणूचं कुडकुडणं जरा कमी होतं.

होळीचा दिवस उजाडला, आणि सकाळीच पाटील वेणूच्या दारात येऊन उभे राहिले. नवऱ्याने दार उघडलं. पायरीवर आत्या होतीच. त्या दिवशी ती सकाळीच आली होती.

उंबरटेकचा रिवाज असा, की गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण होळीच्या आत गावाबाहेर जायला पाहिजे, नाही तर होळीत. त्यात थंडी दडते आणि पुढच्या साली माणूस मागते, अशी समजूत. इतर वर्षी या रिवाजाकडे कुणी फार बारकाईने पाहत नसे, परंतु तसला हिवाळा भोगलेलं गाव कसली जोखीम घ्यायला तयार नव्हतं. पाटील काही दुष्ट माणूस नव्हते. थंडीत लोकांच्या चुली विझू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या गाडीची चाकं फोडून सरपण वाटलं होतं, आणि बिनचाकाची ती गाडी अजून त्यांच्या अंगणात कोंबडीसारखी खुडूक बसलेली होती. हे काम त्यांना कडू वाटत होतं, आणि ते टाळायची वाटही त्यांनी शोधून ठेवली होती.

कारण रिवाजात एक सूट होती. ज्या गोधडीला सुई लागलेली आहे ती जाळायची नाही. सुई लागलेली आहे म्हणजे काम चालू आहे, काम चालू आहे म्हणजे कुणाचा तरी जिता हात तिच्यावर आहे. आणि जित्या हाताखालून ओढून काढलेलं अग्नीला द्यायचं नाही.

तेव्हा पाटलांनी फार मायेने सांगितलं, की पोरी, कुठं तरी एक टाका घालायला घे. टाका पडताना मला दिसला की मी आल्या पावली जातो.

वेणूने कितीतरी दिवसांनी मान वर केली. गोधडीच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "आबा, आईच्या शिवणीत कुठं कसर न्हाई. टाका घालू कुठं?"

ते खरंच होतं. अख्ख्या गोधडीत एक टाका सैल नव्हता, एक कोपरा उसवला नव्हता. आईचं काम पुरं झालेलं होतं, आणि पुऱ्या झालेल्या कामावर स्वतःची सुई चालवणं वेणूला आईच्या अंगाला सुई टोचण्यासारखं वाटत होतं. पाटील घोटाळले. रिवाज मोडावा तर गाव बोलणार, पाळावा तर या पोरीच्या अंगावरचं ओढून न्यावं लागणार.

तेवढ्यात गोजराआत्या उठली. आत आली, वेणूसमोर बसली. कमरेची चंची सोडून तिने कात्री काढली. गोधडीचा खांद्यावरचा भाग मुठीत धरला, आणि काय होतं आहे हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत, कराकरा कात्री चालवून तळव्याएवढं भोक पाडलं. इतकंच करून ती थांबली नाही. कापलेला तुकडा घेऊन चुलीपाशी गेली आणि तो तिने निखाऱ्यांवर टाकला.

मग वेणू उठून उभी राहिली. पौषापासून जिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता ती अशी कडाडली, की वळचणीची कबुतरं उडाली आणि, माझी माहिती बरोबर असेल तर, त्यांतली दोन अजून परत आलेली नाहीत. तिने आत्याला काय काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. म्हातारचळापासून सुरुवात झाली आणि ती आत्याच्या माहेरच्या विहिरीपर्यंत पोचली. आत्या शांतपणे ऐकत होती. शिव्यांना जरा उसंत मिळाली तेव्हा तिने चंचीतली सुई काढून भोकाच्या कडेला टोचली आणि पाटलांकडे वळली.

"सुई लागली. जा आता."

पाटील रिवाजाचे पक्के. ते म्हणाले की उघडं भोक आणि नुसती टोचलेली सुई याला काम म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात. दिवेलागणीला ते पुन्हा येतील. ठिगळ लागताना दिसलं तर गोधडी राहील. नाही तर ती आता गेलेल्या माणसाची तर आहेच, वर फाटकीही आहे, तेव्हा होळीत पहिला मान तिचा. एवढं बोलून, पण आत्याकडे एक चमत्कारिक दृष्टिक्षेप टाकून, ते निघून गेले.

आत्याही निघाली. दारात थांबून तिने एवढंच सांगितलं, की पांढरं ठिगळ लावशील तर ते प्रेतावरच्या कापडासारखं दिसेल. जित्या माणसाच्या ठिगळाला रंग पाहिजे.

वेणू थरथरत बसली. परंतु ही थरथर थंडीची नव्हती. रागाच्या भरात तिने भोकाच्या कडा बोटांनी फाकवल्या आणि आत पाहिलं. उंबरटेकात जुनी गोधडी टाकत नाहीत, तिच्यावरच नवं कापड घालून नवी शिवतात. वर आईचं हिरवं लुगडं होतं, ते तर रोज दिसत होतं. त्याखाली वडिलांचं धोतर निघालं. त्याच्याखाली विटक्या जांभळ्या रंगाचा, बारीक बुट्ट्यांचा एक परकर. तो वेणूचा होता. पाच-सहा वर्षांची असताना तिने तो चिंचेवर चढून फाडला होता आणि मार खाल्ला होता. इतके दिवस ती हे सगळं अंगावर घेऊन बसली होती, आणि आत काय आहे याचा तिला पत्ता नव्हता.

तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिने काही मागायच्या आत त्याने होळीसाठी धुऊन ठेवलेला आपला पांढराशुभ्र फेटा पुढे केला.

कापड मिळालं, आता रंग. रंग खरं तर घरोघरी होता. रंगपंचमीसाठी बायकांनी पळसाची फुलं हंड्यांत भिजत घातली होती. कुठल्याही दारात उभं राहून लोटाभर मागितला असता तर मिळाला असता. पण ज्या दारांना आपण कडी दाखवली त्या दारांत लोटा घेऊन जायचं कसं? त्यापेक्षा डोंगर चढणं सोपं. वेणू गोधडी पांघरून मागच्या दाराने निघाली.

गावाजवळचे पळस बायका-पोरांनी ओरबाडून नेले होते. ती खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरली, आणि तिथंच थबकली.

आता त्या खोऱ्याचं वर्णन मी करणार आहे, आणि यातलं काहीही वजा करू नका, कारण मुळातच मी कमी सांगतो आहे. पळस असा फुलला होता की माकडांनी वणवा समजून पोरं छातीशी धरली, तळाच्या रानात पळ काढला आणि मग आपली चूक लक्षात येऊन ओशाळी होऊन परतली. एका वाटसरूने विडी पेटवायला फांदी खाली ओढली म्हणतात. पांगारे पेटलेले, काटेसावरी पेटलेल्या. भोरड्यांचे थवेच्या थवे त्या फुलांवर कलकलाट करत तुटून पडलेले, चोचींना मध लागून त्यांच्या शिट्यासुद्धा चिकट ऐकू येत होत्या. पान म्हणाल तर एक नाही. नुसती उघडीबोडकी लाकडं, थंडीने पार नागवलेली, आणि त्या लाकडांतूनच हे सगळं बाहेर पडलेलं. जणू ज्या झाडांना हिवाळ्याने सर्वांत जास्त छळलं होतं त्यांनी मिळूनच त्याच्या नाकावर टिच्चून हा उत्सव मांडला होता.

वेणूच्या कपाळावरून काहीतरी ओघळलं. तिने हात लावून पाहिलं. घाम होता.

फुलं तोडायची तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि न्यायची तर कशात तरी बांधली पाहिजेत. तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. तिने गोधडी खांद्यांवरून उतरवली आणि झाडाखाली पसरली. मग फांदी धरून गदागदा हलवली. केशरी पाऊसच पडला. तिने दुसरी फांदी हलवली, तिसरी हलवली. एक झाड झालं, पुढचं झालं. भोरड्या रागावून ओरडत होत्या आणि वेणू त्यांना उलट ओरडून उत्तर देत होती. बघता बघता ढीग गुडघ्याएवढा झाला. तिने गोधडीची चार टोकं एकत्र बांधली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि उन्हं कलायच्या आत पोचायचं म्हणून धावत सुटली.

गोधडीला भोक आहे, आणि त्या भोकापायीच आपण इथवर आलो आहोत, हे ती साफ विसरली होती.

घरी येऊन तिने बोचकं उतरवलं आणि सोडलं. आत देवापुढे वाहायला पुरतील एवढी फुलं उरली होती. त्यांचा रंग काढला असता तर रुमालाचा कोपरा रंगला नसता. सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकू लागला होता, चौकात पोरं होळीच्या गोवऱ्या रचत बोंबा मारत होती. पुन्हा खिंडीपलीकडे जाऊन यायला वेळ नव्हता. वेणू मागल्या पायरीवर मटकन बसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला वाटलं की गोधडी गेली.

इतक्यात कुणीतरी खाकरलं. पाहते तो कोंडाबाई. ओच्यात पळसाची फुलं भरलेली, चेहरा अजून रुसलेलाच. म्हणाली, "माडगं परत केलंस. ही तरी ठिवून घे."

झालं होतं असं, की वेणूच्या मागे फुलांची एक वाट पडली होती. डोंगराच्या माथ्यावरून खाली, विहिरीला वळसा घालून, मारुतीच्या पारावरून, सारवलेल्या अंगणांमधून, थेट वेणूच्या मागल्या दारापर्यंत. ताज्या सारवणावर कुणी कचरा केला म्हणून भांडायला एक बाई निघाली. फुलं वेचत वेचत आली तोवर तिचं भांडण संपलं होतं. दुसरी नुसती बघायला आली. तिसरीला वाटलं देवाची पालखी गेली, आणि आपल्याला कुणी बोलावलंसुद्धा नाही. म्हणता म्हणता वेणूचं परसू बायकांनी भरून गेलं. प्रत्येकीच्या पदरात फुलं होती, आणि एवढ्या दिवसांत कुणाला इकडे यायला निमित्त मिळालं नव्हतं ते आता वेणूने स्वतःच गावभर सांडून ठेवलं होतं.

मग काय विचारता. एकीने चूल पेटवली, दुसरीने हंडा चढवला, कोंडाबाईने कनवटीची तुरटी काढून त्यात टाकली. फुलं रटरटू लागली, पाणी आधी पिवळं, मग नारिंगी, मग असं केशरी झालं की वाफेनेच वळचणीखालची भिंत रंगली. फेट्याचा एक हात तुकडा फाडून त्यात बुडवला. तो बाहेर आला तेव्हा सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या आणि मग एकदम बोलू लागल्या. वाळवायला वेळ होता कुठे? वेणूच्या नवऱ्याने ओला तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर निशाणासारखा धरला आणि घराभोवती पळू लागला. बायका कडेला उभ्या राहून त्याला चेव देत होत्या. तो इतका पळाला की एका फेरीत त्याने स्वतःच्या सावलीला मागे टाकलं. मावळतीच्या उन्हात सावली केवढी लांब असते, हे लक्षात घेतलं म्हणजे पराक्रमाची कल्पना येईल. तुकडा वाळला. नवरा धापा टाकत बसला. त्याच्या उघड्या डोक्यावर केशरी ओघळ बघून वेणूला हसू आलं. ते पाहून तो ओले डोळे लपवायला तसाच तोंड फिरवून पुन्हा एकदा पळून आला. बायकांना वाटलं माणूस हौशी आहे.

गोजराआत्या कधी येऊन पायरीवर बसली होती कुणास ठाऊक. वेणूने तिच्याकडे पाहिलं नाही. राग अजून उतरला नव्हता. तिने मांडीवर गोधडी घेतली, भोकावर केशरी कापड ठेवलं, कडा आत दुमडल्या आणि आत्याचीच सुई उचलून पहिला टाका घातला. बोटं हिवाळ्याने आखडलेली. टाका वाकडा पडला. आईच्या त्या नितळ शिवणीशेजारी तो दारुड्यासारखा तिरपा उभा राहिला. वेणूने तो उसवायला सुई उलटी केली, पण आजूबाजूच्या बायकांनी गोधडीच्या कडा धरून ताणल्या होत्या, वरून उजेड पळत होता, आणि डोळ्यांसमोर होळीची गोवरी दिसत होती. तिने तो तसाच सोडला. दुसरा त्याहून बरा आला. तिसरा ओळखीचा वाटला. पुढचे टाके मुंगीला ठेच लागू न देणारे होते.

तीन बाजू पुऱ्या झाल्या तोच पाटील आले. त्यांनी वाकून ठिगळ पाहिलं, लागलेली सुई पाहिली, आणि त्यांनी मोठा मोकळा श्वास सोडला. काम चालू होतं. गोधडी सुटली होती. तेवढ्यात कोंडाबाईने वेणूच्या कानाशी लागून, पण गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, फार शहाणपणाचा सल्ला दिला. चौथी बाजू शिवूच नको म्हणाली. सुई तशीच टोचून ठेव. जन्मभर काम चालूच राहील, कुठलाही पाटील बोट लावायचा नाही. बायकांनी माना डोलावल्या. पाटलांनी काही ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी आकाशाकडे पाहिलं.

वेणूचा हात थांबला. तिने सुईकडे पाहिलं, उघड्या राहिलेल्या चौथ्या कडेकडे पाहिलं. मग ती शिवू लागली. शेवटपर्यंत शिवत गेली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि सुई काढून आत्याच्या पुढ्यात ठेवली.

पाटलांच्या कपाळावर आठी आली. आता गोधडी पुरी झालेली होती, सुई नव्हती, आणि बाहेर होळीपाशी गाव वाट पाहत होतं. त्यांनी जड आवाजात विचारलं, "पोरी, आता तूच सांग. ही गोधडी कुणाची?"

वेणूने गोधडीची घडी घातली. घडी अशी घातली की ठिगळ वर आलं.

"शिवली आईनं," ती म्हणाली. "हाय माझी. पुढल्या थंडीला पांघरीन, आबा. आज लई उकडतंय."

पाटील दिवसभर नकोशा कामाचं ओझं वाहत होते, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. मग ते वळले आणि चौकाच्या दिशेने मोठ्याने ओरडले, की पेटवा रे, थंडी गेली वेणूच्या घरातनं. खूप वेळ दाबून धरलेली बोंब गावाने एकदम सोडली.

सगळे तिकडे धावले. मागे वेणू आणि आत्या उरल्या. दोघी सावकाश चालत निघाल्या, कारण आत्याचे गुडघे होळी असो की दिवाळी, आपल्याच चालीने चालत. थोडं अंतर गेल्यावर वेणूने विचारलं, की तुम्हाला कापायचंच होतं तर आधी मला सांगितलं का नाही. आणि कापलंत ते कापलंत, जाळलंत कशाला.

आत्या थांबली. एवढं लांब बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने आधी दम घेतला.

"सांगून तू कापू दिलं असतंस व्हय? रोज पायरीवर बसून बघत हुते, पोरी. तुझं जिथं फाटलं हुतं तिथं माझी सुई पोचत न्हवती. तुझी तर न्हाईच न्हाई. मग काय करावं? जिथं सुई पोचंल तिथं फाडलं. फाटलेलं समोर दिसलं की बाईमाणूस बसून ऱ्हात न्हाई, उठतंच. जाळलं ते तुझ्या आईच्या वाट्याचं. तेवढं तिला द्यायलाच पायजे हुतं. समदी गोधडी मागायचा तिला हक न्हवता, आणि तिनं मागितलीबी न्हवती. गावानं मागितली."

वेणू हळूच म्हणाली, "आणि ती फुलं? वाटेत सांडतील, बायका येतील, हे तुमाला ठावं हुतं?"

"छे गं," आत्या म्हणाली. "मला वाटलं तू दोन फुलं पदरात घालून आणशील. ती अक्कल माझी न्हवं. भोकाची."

दोघी चौकाशी आल्या. चौकात ज्वाळा पळसाच्या शेंड्याएवढ्या उंच उठल्या होत्या. त्या उजेडात वेणूने काखेतली घडी जरा पुढे घेतली आणि ठिगळावरून अंगठा फिरवला. सुरुवातीचा वाकडा टाका हाताला लागला. तो उद्या उसवून सरळ करू, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, असू दे. आईने कधी वाकडा टाका घातलाच नाही. या गोधडीत एवढा एक तरी निव्वळ आपला असू दे. पलीकडे बायकांनी फेर धरला होता आणि कुणीतरी तिला हाका मारत होतं. तिने घडी आत्याच्या हातात दिली आणि ती तिकडे गेली.

ज्याच्या दुःखाला आपला टाका पोचत नाही, त्याच्या हाती निदान सुई तरी द्यावी. कात्री मात्र गोजराआत्यासारखा हात असल्याशिवाय कुणी चालवू नये. तुमच्यापेक्षा हे मी कात्री सदा हाताशी ठेवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना सांगतो आहे.